सुई टोचल्यावर पहिले दोन तास: दवाखान्यात काम करणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात हात धुण्याबद्दल लिहिलं आणि त्यावर अलिबागपासून दोडामार्गपर्यंत इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं पूर्ण सदर दवाखान्यात काम करणाऱ्यांनाच देतेय. नर्सेस आहेत, आशाताई आहेत, लॅबवाले आहेत, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींबद्दल त्यांच्या घरच्यांनी विचारलंय. नाव कुणाचंच छापत नाही, फक्त काम आणि तालुका. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, माझी आवस एका खाजगी हॉस्पिटलात साफसफाईचा काम करता, कंत्राटदाराच्या हाताखाली. काल सकाळी कचऱ्याची लाल पिशी बांधताना आतली सुई तिच्या बोटात घुसली. तिना दाबून दाबून रगत काढल्यान, वर हळद लायल्यान आणि गप रवली. कोणाक सांगूक नाय, कामावरसून काढतीत म्हणान. माका रात्री सांगल्यान. आता काय करूचा? मी खूप भियालंय. (कुडाळ)

हिला मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं, कारण अशा गोष्टीत अंक निघेपर्यंत थांबायला वेळ नसतो. इथे लिहितेय ते बाकी सगळ्यांसाठी, आणि जरा सविस्तर लिहितेय कारण माझ्या मते या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

सुई टोचली की पहिलं काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने बोट धुवायचं, बस. दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालून चोखायचं नाही, हळद नको, स्पिरिट नको, ब्लीच तर अजिबात नको, कारण दाबल्याने आणि जळजळीत औषधांनी आतल्या मांसाला इजा होते आणि फायदा शून्य. डोळ्यात रक्ताचा शिंतोडा उडाला तर साध्या स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुवायचा, कॉन्टॅक्ट लेन्स असली तर धुवून झाल्यावर काढायची.

दुसरं काम लगेच सांगायचं आणि सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. एचआयव्ही होऊ नये म्हणून जे औषध देतात, त्याला पीईपी म्हणतात, ते शक्यतो पहिल्या २ तासांत सुरू व्हावं, आणि ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि मधेच सोडायचा नाही. हिच्या आईला आदल्या दिवशी सकाळी टोचलेलं, म्हणजे वेळ हातात होती, म्हणून मी म्हटलं की आत्ताच्या आत्ता निघा, सुपरवायझरचं नंतर बघू. रात्री अपरात्री कुणाला विचारायचं कळत नसेल तर १०९७ हा एचआयव्हीसाठीचा टोल फ्री नंबर आहे, तिथे विचारा.

आता भीतीबद्दल. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली आणि काहीच केलं नाही तरी लागण होण्याचं प्रमाण साधारण १००० मधे ३ एवढं आहे. म्हणजे घाबरून रडत बसण्यासारखं काही नाही पण अंगावर काढण्यासारखंही नाही. याउलट कावीळ बी, हेपेटायटिस बी, तिची लस घेतलेली नसेल तर १०० मधे ६ पासून ३० पर्यंत लोकांना लागण होऊ शकते. त्या पेशंटच्या रक्तात व्हायरस किती आहे त्यावर ते ठरतं. हा व्हायरस सुकलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा ७ दिवस टिकतो. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि कावीळ बी विसरतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण कावीळ बी ची लस आहे, ३ डोस, पहिला, मग १ महिन्याने, मग ६ महिन्यांनी. लस झालेली नसेल आणि सुई टोचली तर लसीचा पहिला डोस लगेच आणि गरज असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिकारशक्तीचं) इंजेक्शन, तेही शक्यतो २४ तासांत. कावीळ सी ला लस नाही पण लवकर कळली तर आता चांगल्या गोळ्या आहेत आणि ती बरी होते, म्हणून टेस्ट चुकवायची नाही.

पिशवीतली सुई कुणाची ते कळत नाही, हा पुढचा प्रश्न. सुई तपासायला पाठवून काही होत नाही, तसं करूही नका. ती कुठल्या वॉर्डातली पिशवी, तिथे कसले पेशंट होते, जखम किती खोल, हे बघून डॉक्टर ठरवतात. आईच्या रक्ताच्या टेस्ट त्याच दिवशी होतात (म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आधीपासूनच होतं), मग ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. तोपर्यंत नवराबायकोने कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. घरात जेवण करणं, नातवंडांना मांडीवर घेणं, एका ताटात जेवणं, यातलं काहीही थांबवायचं नाही.

आणि नोकरीचं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात लिहिलंय की दवाखाना चालवणाऱ्याने तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, ट्रेनिंग आणि गरज पडली तर पीईपी द्यायचं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तरी तपासणी, एकदा तरी ट्रेनिंग. यात कंत्राटी आणि कायम असा फरक नाही. ग्लोव्हज, लस हे मागताना मावशींना उपकार मागितल्यासारखं वाटतं, तसं वाटून घेऊ नका. एक चिठ्ठी लिहा, तारीख, वेळ, कुठे टोचलं, कुठली पिशवी, आणि तिची कॉपी स्वतःकडे ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवलात तरी चालेल. आईला लिहिता येत नसेल तर तू लिही आणि तिची सही घे.

शेवटचं म्हणजे ती सुई लाल पिशवीत आलीच कशी? लाल पिशवी नळ्या, सलाईनचे सेट, लघवीच्या पिशव्या, ग्लोव्हज, सुई काढलेल्या सिरिंज यांच्यासाठी. सुई जाते पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. कुणीतरी वर, पेशंटच्या खाटेजवळ, घाईत सुई पिशवीत टाकली आणि ती लागली तीन मजले खाली असलेल्या बाईला. तिची यात काडीची चूक नाही.

आमच्याकडे रात्री एका नर्सवर अख्खा वॉर्ड असतो. सुई वापरली की परत टोपण लावू नका असं ट्रेनिंगमधे सांगतात, पण डबा ठेवलेला असतो ड्रेसिंग रूममधे, मग उघडी सुई घेऊन वॉर्डभर फिरायचं का? (स्टाफ नर्स, चिपळूण)

तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि माझं उत्तर तुमच्यासाठी कमी, तुमच्या मेट्रनसाठी जास्त आहे. टोपण लावताना सुई टोचते ती दुसऱ्या हाताच्या बोटात, म्हणून लावायचं नाही, हे खरंच. पण डबा जिथे सुई वापरली जाते तिथे, हात पोचेल एवढ्या अंतरावर असायला हवा, म्हणजे ट्रॉलीवर. ट्रॉली पेशंटपाशी न्या, इंजेक्शन द्या, तिथेच नीडल कटरमधे सुई कापा, ती पांढऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत. डबा पाऊण भरला की बंद करायचा, ठेचून ठेचून भरायचा नाही, वरपर्यंत भरलेल्या डब्यात सुई ढकलताना कितीतरी जणींना टोचलंय. भरलेला कचरा ४८ तासांच्या वर तसाच पडून राहता कामा नये असा नियम आहे, गाडी आली नाही तर लेखी कळवा.

कधी कधी टोपण लावल्याशिवाय गत्यंतरच नसतं, उदाहरणार्थ तोच पेशंट आणि त्याच औषधाचा उरलेला डोस. तेव्हा टोपण ट्रेमधे आडवं ठेवायचं, दुसरा हात पाठीमागे, आणि एका हाताने सुई टोपणात सरकवून मग ट्रेच्या कडेला दाबून बसवायची. दोनचार दिवस सराव केला की जमतं.

तुमच्या चिपळूणला आणखी एक सांगायचंय. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. कचऱ्याची खोली तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी ती वर हलवा किंवा निदान उंच कट्ट्यावर घ्या. पुराच्या पाण्यात सुयांचे डबे तरंगायला लागले तर ते कुणाच्या पायात जाईल सांगता येत नाही.

मी आशा आहे. तापाचे पेशंट असले की घरोघर जाऊन बोटातून रक्त घेते, मलेरियाची टेस्ट करते. वापरलेल्या लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायच्या छोट्या सुया, कुठे टाकायच्या? आतापर्यंत कागदात गुंडाळून पर्समधे ठेवत होते, काल मुलीने पर्समधे हात घातला आणि माझ्या पोटात गोळाच आला. (गुहागर)

कागद लगेच बंद. जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी घ्या, फिनेल किंवा अ‍ॅसिडच्या कॅनसारखं जाड प्लॅस्टिक, कोल्ड्रिंकची बाटली पातळ असते ती नको. बाहेर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा "सुया, हात लावू नये". टेस्ट झाली की तिथेच, त्या ओटीवर बसल्या बसल्या, लॅन्सेट बरणीत टाकायची, घरी येऊन टाकू म्हणायचं नाही. बरणी पर्समधे न ठेवता वेगळ्या पिशवीत, आणि घरी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच जागी. पाऊण भरली की आरोग्य केंद्रात जमा करा, ती घेणं त्यांचं काम आहे. मीटिंगला सगळ्याजणी मिळून पांढरे डबे मागा, एकटीने मागितलं तर विसरतात.

प्रत्येक माणसाला नवीन लॅन्सेट आणि ग्लोव्हजची नवीन जोडी. एका घरातले चौघं असले तरी चार. रक्त लागलेला कापूस वेगळ्या पिवळ्या पिशवीत घालून तोही केंद्रात, लोकांच्या अंगणातल्या पातेऱ्यात टाकू नका. आणि तुमचे कावीळ बी चे ३ डोस झालेत का? मला किती आशाताईंनी "आम्हाला कुणी विचारलंच नाही" असं लिहिलंय. तुम्हीच विचारा.

नुकतंच लग्न झालंय, मॅटर्निटी वॉर्डला ड्युटी आहे. सासूबाई म्हणतात हिरवा चुडा काढायचा नाही, अपशकुन होतो. इन्चार्ज सिस्टर म्हणतात काढ. मी मधल्यामधे अडकलेय. (स्टाफ नर्स, रत्नागिरी)

ड्युटीवर काढायचा. हे मी इन्चार्जची बाजू घ्यायची म्हणून सांगत नाहीये. बांगड्यांच्या आणि अंगठीच्या खाली घाम, साबणाचा फेस, मळ साचतो, तिथे जंतू राहतात आणि कितीही हात धुतले तरी ती जागा धुतली जात नाही. काचेची बांगडी पिचकली तर ग्लोव्ह फाटतो, आणि तुझं मनगट आणि बाळंतिणीचं रक्त यांच्यामधे तेवढाच एक पातळ पडदा असतो. कोपराच्या खाली काही नको, घड्याळही नको, नखं कापलेली, नेलपॉलिश नाही. मंगळसूत्र ड्रेसच्या आत राहिलं तर चालेल, वाकताना बाहेर लोंबता कामा नये.

सासूबाईंना सांगताना नियम म्हणून सांगू नकोस, त्या बाळांबद्दल सांग. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येणारे डॉक्टर आपल्या हातांवरूनच ताप घेऊन येतायत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायची सक्ती केली आणि थोड्या महिन्यांत त्या वॉर्डातल्या बायकांचं मरण एकदम कमी झालं. तेव्हा जंतू हे कारण आहे हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मला वाटतं की घरात नातवंडाची वाट बघणाऱ्या बाईला हे पटतं. चुडा घरी देवासमोर डबीत ठेवून निघायचं आणि परत आल्यावर अंघोळ करून भरायचा, माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलींनी असाच मार्ग काढलाय आणि कुणाचं काही वाईट झालेलं नाही.

हात कधी धुवायचे तेही इथेच सांगते कारण त्यावर सतत विचारणा असते. पेशंटला हात लावण्याआधी, सुई किंवा कॅथेटर किंवा ड्रेसिंग अशा कामाआधी, रक्त लघवी वगैरेशी संबंध आला की नंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटला हात न लावता नुसती त्याची खाट, सलाईनचा स्टँड, मोबाईल हाताळला तरी नंतर. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळला की पुरे. हात मळलेले, रक्त लागलेले असतील किंवा पेशंटला जुलाब असतील तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. ग्लोव्हज काढल्यावरही धुवायचे, ग्लोव्हजला बारीक भोकं असतात ती दिसत नाहीत.

ब्लीचिंग पावडरचं पोतं पावसाळ्यात गठ्ठा होतं आणि वासही येत नाही. तीच पावडर वापरून रक्त सांडलेलं साफ करायचं तर ते खरंच होतं का? (प्राथमिक आरोग्य केंद्र, देवगड)

नाही होत, तुमचा संशय बरोबर आहे. चांगल्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असतो आणि आपल्याकडच्या ओल आणि उष्ण हवेत तो उडून जातो, पोतं उघडं राहिलं तर फारच लवकर. गठ्ठा झालेली, वास गेलेली पावडर म्हणजे नुसता चुना, तिने फरशी पांढरी होईल पण कावीळ बी चा व्हायरस मरणार नाही. पोतं आलं की घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत वाटून ठेवा (पत्र्याचे नकोत, गंजतात), जमिनीपासून वर, उन्हापासून लांब, आणि डब्यावर उघडल्याची तारीख.

१ टक्क्याचं ब्लीचचं पाणी करायचं तर १ लिटरला साधारण ३३ ग्रॅम ताजी पावडर. ५ टक्क्यांचं तयार हायपोक्लोराइट (द्रवरूप ब्लीच) मिळत असेल तर १ भाग ते आणि ४ भाग पाणी. पावसाळ्यात मी तरी तयार द्रावणाची मागणी करा असंच सांगेन. रोज सकाळी ताजं करायचं, कालचं ओतून टाकायचं.

रक्त सांडलं की आधी ग्लोव्हज, त्यावर जुनं कापड किंवा पेपर टाकून टिपून घ्या, मग त्यावर हे पाणी ओता आणि किमान १० मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं कुणी थांबत नाही, ओतलं की लगेच पुसतात. मग सगळं गोळा करून पिवळ्या पिशवीत. काचेचे तुकडे असतील तर चिमट्याने किंवा पुठ्ठ्याने उचला, हाताने कधीच नाही.

आणि हे कृपा करून प्रत्येक मावशीला समजावून सांगा: ब्लीचमधे संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळायचं नाही. दोन्ही एकत्र झाले की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममधे बाई बेशुद्ध पडू शकते, फुप्फुसाला कायमची इजा होऊ शकते. "जास्त स्वच्छ होतं" म्हणून मिसळतात. वॉर्डची रोजची फरशी तर साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुरते, दर वेळी ब्लीच ओतून सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लावायची गरज नाही.

पावसात झड आत येते म्हणून ओपीडीच्या सगळ्या खिडक्या बंद असतात. बाहेर खोकणारे पेशंट गच्च बसलेले. त्यात टीबीचे कोण ते कळत नाही. साधा मास्क पुरेल का? (फार्मासिस्ट, श्रीवर्धन)

टीबी हवेतून येतो आणि बंद खोलीत त्याचे कण तासन्‌तास तरंगतात, त्यामुळे मास्कच्याही आधी हवेचा विचार करा. खिडकी पूर्ण उघडता येत नसेल तर वरचे झरोके तरी उघडे ठेवा, बाहेरून पत्र्याची झाप लावली की झड येत नाही आणि हवा चालू राहते. एक्झॉस्ट पंखा बसवून घ्या. टेबल फॅन असेल तर तो तुमच्या पाठीमागून पेशंटकडे आणि तिथून बाहेर असा लावा, उलटा लागला तर खोकल्याची सगळी हवा तुमच्या तोंडावर येते. स्प्लिट एसी तीच हवा परत परत फिरवतो, त्याचा यात उपयोग नाही. खोकणाऱ्या पेशंटना पडवीत बसवा, त्यांचा नंबर आधी घ्या, आणि बेडका द्यायला सांगाल तेव्हा बाहेर उघड्यावर, बाथरूममधे तर मुळीच नाही.

मास्कचं म्हणाल तर साधा मास्क पेशंटला, त्याचा खोकला अडवायला. आपल्याला एन ९५, तोही गालाला घट्ट बसलेला. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली म्हणजे वरून हवा गळतेय. दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात घामाने, पावसाने तो ओला होतो, ओला झाला की बदलायचा, वाळवून परत नाही. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर पेशंटला जसं सांगता तसं स्वतःचीही बेडका तपासणी करा, दवाखान्यातलीच माणसं यात सगळ्यात जास्त टाळाटाळ करतात.

युनिफॉर्म वळणीवर तीन तीन दिवस वाळत नाही, ओलसर घालूनच जावं लागतं. त्यातून घरी मुलांना काही होईल का? (नर्सिंग विद्यार्थिनी, सावंतवाडी, आणि इतर तिघी)

ओलसर कपड्याचा पहिला त्रास तुम्हालाच, काखेत आणि जांघेत गजकर्ण होतं आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. तीन जोड लागतातच, कॉलेजकडे मागा. हॉस्पिटलात जाऊन बदला, युनिफॉर्मवर एसटीत आणि मच्छी मार्केटात जाऊ नका, परत येताना वेगळ्या पिशवीत आणा. घरच्यांच्या कपड्यांत न मिसळता, गरम पाण्यात आणि साबणात धुवा, आणि वाळत नसेल तर शेवटी कडक इस्त्री फिरवा, उन्हाची कमी बरीचशी ती भरून काढते. रक्ताचा डाग असेल तर ग्लोव्हज घालून आधी थंड पाण्यात, गरम पाण्याने डाग बसतो. खरं तर रक्त लागलेला युनिफॉर्म घरी आणायचाच नाही, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत द्यायचा.

माकडतापाचा पेशंट अ‍ॅडमिट झाला की आमच्याकडे स्टाफ जवळ जायला घाबरतो. लेप्टोचंही तसंच. (दोडामार्ग)

२०१६ पासून तुमच्या तालुक्याने माकडताप बघितलाय त्यामुळे भीती समजते. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणून पेशंटजवळ जायला काहीच हरकत नाही, नेहमीचे ग्लोव्हज आणि हात धुणं पुरतं. ताबडतोब त्याचे घरून आलेले कपडे आणि अंग बघा, गोचीड चिकटलेली असू शकते, ती चिमट्याने कातडीजवळ पकडून सरळ ओढायची, नखाने चिरडायची नाही. जास्त काळजी लॅबवाल्यांनी घ्यायची, रक्ताचे नमुने हाताळताना लॅबमधे लागण झालेली आहे, म्हणून नमुना तीन थरांच्या पॅकिंगमधे आणि ट्यूबचं झाकण उघड्या टेबलावर काढायचं नाही.

लेप्टो उंदीर आणि गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या चिखलातून येतो. वॉर्डापेक्षा धोका आशाताई आणि आरोग्यसेवकांना, जे भातलावणीच्या दिवसांत बांधावरून चप्पल घालून फिरतात. गमबूट मागा, पायावरची जखम झाकून जा. सतत पाण्यात जावं लागत असेल तर आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन देतात, पण ते डॉक्टरांना विचारून, आणि गरोदर असाल तर नाही.

दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. आमचे डॉक्टर गर्दी असली की हत्यारं नुसती उकळून घ्यायला सांगतात. (अलिबाग)

उकळण्याने सगळे जंतू मरत नाहीत, काहींची बीजं तशीच राहतात. ऑटोक्लेव्हमधे (दाबाच्या वाफेच्या यंत्रात) १२१ डिग्रीला किमान १५ मिनिटं, किंवा १३४ डिग्रीला ३ मिनिटं, आणि त्याआधी ब्रशने घासून रक्त काढलेलं असलं पाहिजे, सुकलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. घासताना जाड रबरी ग्लोव्हज आणि चष्मा घाला, पातळ ग्लोव्हज हत्यारांनी फाटतात. गर्दी आहे म्हणजे हत्यारांचे सेट वाढवायला हवेत, एवढं डॉक्टरांना शांतपणे सांगा. तुमच्याने बोलवत नसेल तर हा अंक टेबलावर ठेवा.

हायवेच्या कडेला ग्रामीण रुग्णालय. अपघाताच्या केसेस रात्री येतात, सोबत दहा दहा माणसं, काही पिऊन. मागच्या महिन्यात एकाने माझा हात पिरगाळला. साहेब म्हणाले जाऊ दे, पेशंट दगावला होता, त्यांची मनःस्थिती समजून घे. (स्टाफ नर्स, संगमेश्वर)

मनःस्थिती आपण रोजच समजून घेतो. पण हात पिरगाळणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच नोंदवला गेला पाहिजे. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात डॉक्टर, नर्स आणि दवाखान्यातल्या इतर कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलिसांना लिहून घ्यावंच लागतं. हाताची तपासणी त्याच रात्री करून केस पेपरवर नोंद करून घ्यायची, नंतर निळेपणा जातो आणि पुरावाही. कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, मग तो नातेवाईक असो की आपलाच सहकारी, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त लोक काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि लहान दवाखाना असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते.

महिना झाला असला तरी लेखी तक्रार द्या, वैद्यकीय अधीक्षकांना एक आणि पोलीस ठाण्यात एक, दोन्हीची पोच घ्या. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या वॉर्डबॉयचं आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचं नाव त्यात घाला. साहेबांनी जाऊ दे म्हटलं तेही लिहा, तक्रारीच्या सुरात नको, फक्त काय झालं ते. आणि पुढच्या वेळेसाठी: टेबल असं फिरवून घ्या की दार तुमच्या बाजूला राहील, पेशंटसोबत आत एकच माणूस, वाईट बातमी डॉक्टरांनी सांगायची आणि तुम्ही एकटीने कधीच नाही, मोबाईलवर ११२ पहिल्याच ठिकाणी, आणि आवाज चढायला लागला की वाद न घालता आधी खोलीबाहेर. अधीक्षकांना रात्रीचा सुरक्षारक्षक मागणारं पत्र तुमच्या सगळ्या नर्सेसच्या सहीने द्या, त्याचा मसुदा हवा असेल तर मला कळवा, लिहून पाठवते.